आठ सिद्धांचं कापड आणि दादाची गाडी

उघड्या बॉनेटभोवती चार पुरुष कमरेवर हात ठेवून उभे असले की समजावं, त्यातल्या एकालाही काही कळलेलं नाही. कळलं असतं तर एकाने हात घातला असता आणि बाकीचे चहा प्यायला गेले असते. आ-हुईच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी असेच चौघे उभे होते. माझा थोरला भाऊ जिन-शेंग, त्याचा मुलगा बो-वेई, तोंडात सुपारी धरलेला आ-हुई स्वतः, आणि शेजारचा टायरवाला, ज्याचा ह्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. मी भिंतीजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते आणि माझ्या मांडीवर आमच्या आईचं लाल कापड होतं.

हे कापड साधं नाही. त्यावर आठ सिद्ध, आमच्याकडचे शुभ घडवणारे देव, सोनेरी जरीने भरलेले आहेत, दाढीवाल्यांच्या दाढीत खराखुरा केसांचा झुबका, आणि मागे जाड कॅनव्हासचं अस्तर. लग्नात किंवा नव्या वर्षाला लोक असं कापड दारावर लावतात. नवरीच्या गाडीला लाल फीत बांधतात, फार तर एखादा गुच्छ. आमच्या दादाला फीत कशी पुरणार? त्याला मातोउ गावातल्या प्रत्येक माणसाने मान वळवून बघायला हवं. तो अख्खे आठ सिद्ध गाडीच्या नाकावर बांधतो, ह्या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, ताणून.

कापड जमिनीला टेकू द्यायचं नाही आणि त्याला तेलकट हात लागू द्यायचा नाही. म्हणून गाडी गॅरेजमध्ये शिरण्याआधी दादा ते सोडायचा आणि माझ्या हवाली करायचा. वहिनीची पाठ दुखते, आणि मी रिकामी असते. रिकामी म्हणजे नवऱ्याने टाकलेली. खरं तर मी त्याला टाकलं, पण आमच्या गावात ते कुणी तसं म्हणत नाही. देवांना सांभाळायला मी चालत होते. लग्नाच्या दिवशी मात्र नवरीच्या गाडीच्या आसपास फिरकायचं नाही, हे वहिनीने मला बजावून ठेवलं होतं, वर हसत हसत.

लग्न बो-वेईचं होतं. मुलगी जेन-शी, नदीपलीकडच्या गावातली, प्राथमिक शाळेत शिकवते. मुहूर्त शनिवारचा. तो चुकला की भुतांचा महिना लागतो, आणि त्या महिन्यात लग्न लावायचा वेडेपणा आमच्याकडे कुणी करत नाही. नवरीला आणायला बो-वेईच्या मित्राची नवी गाडी तयार होती. पण दादाने हट्ट धरला की नवरी येईल ती माझ्याच गाडीतून. तीस वर्षांची गाडी, रंग उडालेला, सीटवर वहिनीने शिवलेल्या चादरी, आणि मालक मात्र असा बोलतो की राजवाड्यातून मागणी आली आहे.

त्याच्या हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, माझ्यासमोर कुणी काढत नव्हतं इतकंच. ही गाडी नवी कोरी होती तेव्हा तिच्यातून पहिली नवरी मी गेले होते. माझ्या नवऱ्याकडे गाडी नव्हती म्हणून दादाने आपली दिली आणि स्वतः चालवली. जुलैचा महिना, मी पांढऱ्या झग्यात, तोंडाला बोटभर रंग. साखर कारखान्याच्या चौकात गाडी थांबली, गरम वारा सुटला, इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. पुन्हा चालू होईना. मला भर रस्त्यात खाली उतरावं लागलं, सासरच्या उंबऱ्याआधी डांबरावर पाय, म्हणजे मोठा अपशकुन. सासूने ते बघितलं आणि पुढे घरात कपबशी फुटली तरी तिला तो चौक आठवायचा. तीन वर्षांनी मी परत आले तेव्हा दादा म्हणाला, "गाडीने तेव्हाच सांगितलं होतं." नवी गाडी चुकेल कशी? चुकली असेल तर बहीण.

तेव्हापासून त्या गाडीला लग्नासाठी कुणी बोलावलं नाही. दादाच्या मनाला ते लागलेलं होतं. बहिणीचं घर मोडलं त्यापेक्षा जास्त लागलं असावं. आता मुलाच्या लग्नात नवरी आणून त्याला गाडीवरचा डाग पुसायचा होता.

म्हणून रविवारी रंगीत तालीम झाली. नाकावर आठ सिद्ध, टपावर शकुनाचा मुळासकट बांबू, मागे जेन-शी आणि बो-वेई, पुढे दादा. मी आणि वहिनी बो-वेईच्या स्कूटरवर मागून. रस्त्यावर गाडी बरी पळाली. साखर कारखान्याच्या चौकात लाल दिवा लागला आणि गाडी थरथरून बंद पडली. तीच जागा. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मागून दोरी ओढली.

जेन-शी मात्र दार उघडून सरळ खाली उतरली, बाह्या सारल्या आणि बो-वेईबरोबर गाडीला धक्का द्यायला लागली. घामाने निथळत होती, तरी हसत होती. मला पोरगी त्याच क्षणी आवडली. दादा स्टिअरिंग धरून आत बसलेला, आणि तिथून ओरडतोय, "अगं, नवरीने गाडी ढकलायची नसते!"

"मग सासऱ्याने ढकलायची असते का, बाबा?" ती मागून म्हणाली.

मला हसू आलं. वहिनीला नाही आलं.

मग आ-हुईचं गॅरेज. आ-हुई हा आमच्याकडचा धन्वंतरी. बॉनेट उघडायच्या आधीच त्याचं निदान तयार असतं. "दादा, आयडलिंगचा व्हॉल्व्ह," तो सुपारी गालात सारत म्हणाला. "गाडी उभी असताना एसीचा भार पडतो, तेव्हा इंजिनला जरा जास्त हवा लागते. ती ह्या व्हॉल्व्हने सोडायची. हा काजळीने भरलाय. साफ केला की विषय संपला."

त्याने तो साफ केला. काजळी निघाली हे खरं. गाडी गॅरेजमध्ये उभी, इंजिन चालू, एसी पूर्ण सोडलेला. इंजिन शांत, आणि वारा असा गार की टायरवाला आत जाऊन बसला तो उठेना. आ-हुईने आमच्याकडे पाहिलं आणि सुपारीची लाल पिंक टाकली. आम्ही परत निघालो, दादाने माझ्या हातून कापड घेतलं, पुन्हा बांधलं, जेन-शीला तिच्या घरून घेतलं, आणि चौकात गाडी पुन्हा बंद.

दुसऱ्या दिवशी निदान बदललं. आता म्हणे एसीतला गॅस कमी आहे. गॅस भरला. शिवाय पंखा कमजोर आहे म्हणून पंखाही बदलला. दादाने स्वतःच्या अकलेने मीटरसमोर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली, कारण हिरवी पुडी समोर असली की यंत्रं शहाण्यासारखी वागतात. बँकेतही ठेवतात, म्हणाला. मी पुडी उलटी करून बघितली तर तिची तारीख उलटून गेलेली. शिळ्या कुरकुऱ्यांनी कुठलं यंत्र ऐकणार! पण गॅरेजमध्ये गाडी पुन्हा एकदम निरोगी. एसी थंडगार, इंजिन स्थिर. आणि संध्याकाळी जेन-शी बसली तेव्हा पुन्हा तोच चौक, पुन्हा तीच थरथर.

त्यानंतर दादा तिला सोडून एकटाच गावभर फिरून आला. कापड घरी, तोच चालवतोय, एसी चालू, सगळे लाल दिवे मुद्दाम गाठले. गाडी एकदाही बंद पडली नाही. तो घरी आला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी तो चेहरा आधी पाहिला होता.

जेवताना त्याने तोंड उघडलं. "गाडीत काही दोष नाही."

"मग बंद का पडते, पप्पा?" बो-वेईने विचारलं.

"ती बसली की पडते. आम्ही बसलो की नाही पडत."

"अहो, पोरीचं जन्मवर्ष वाघाचं आहे, आणि लग्नात वाघ अशुभ," वहिनी हळूच म्हणाली. "मी पहिल्यापासून म्हणत होते."

"तू कधी म्हणालीस?" मी विचारलं.

"मनात म्हणत होते."

दादाने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "मी उद्या ज्योतिषीबुवांकडे जातो. मुहूर्त पुढे ढकलू. दोन महिन्यांनी बघू, जमलं तर."

जमलं तर! बो-वेई पांढरा पडला. मुलीच्या घरून पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, मिठाईच्या पेट्या वाटून झालेल्या. तिचे आईबाप असला निरोप ऐकून घेणार होते थोडेच! आणि समजा ऐकून घेतला, लग्न झालंही, तरी ह्या घरात पुढे कपबशी फुटली की कुणाच्या नावावर फुटणार होती ते मला नीट माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गाडी एक, नवऱ्या दोन, आणि दोष दोन्ही वेळा नवऱ्यांचा. संतापाने मी वाटी बाजूला सारली.

"ज्योतिषाकडे जायच्या आधी एकदा आ-हुईकडे चल," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी कशाला?"

"कारण ह्या गाडीबद्दल माझ्याइतकं कुणाला बोलायचा हक्क नाही."

सकाळी तो निघाला. सवयीने कापड नाकावर बांधून निघाला, आणि गॅरेजच्या दाराशी सवयीनेच सोडून माझ्या मांडीवर टाकलं.

तर असे ते चौघे उघड्या बॉनेटभोवती उभे होते. आ-हुईचं म्हणणं आता कॉम्प्रेसरच बदलावा. टायरवाल्याचं म्हणणं पेट्रोल खराब. बो-वेई मोबाइलवर कुणा परक्या माणसाचे व्हिडिओ बघत होता. दादा एवढंच म्हणत होता, "गाडी ठीक आहे हो, तुम्हाला सांगतो, गाडी ठीक आहे."

आणि मी घामाने भिजले होते. जुलैतली सकाळ, पत्र्याचं छप्पर, आणि मांडीवर ते कॅनव्हासचं अस्तर. पाय नुसते उकडून निघाले होते. शेवटी मी कापड उचलून खांद्यावर टाकलं, आणि गुडघ्यांना पहिल्यांदा वारा लागला. काय बरं वाटलं! मी तशीच बसून राहिले. मग मी गाडीच्या नाकाकडे पाहिलं. तिथली जाळी उघडी होती, आणि तिच्यामागे एसीची जाळी, त्यामागे रेडिएटर. सगळा वारा तिथूनच आत जायचा. इथे ते उघडं होतं. इथे ते नेहमीच उघडं असायचं. गावभर एकटा फिरला तेव्हाही उघडं होतं. आणि चौकात प्रत्येक वेळी त्यावर हे होतं, जे आत्ता माझ्या खांद्यावर होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा तर मांडीवरच होता आणि मी तीन दिवस तो सांभाळत बसले होते.

"आ-हुई," मी म्हणाले, "गाडी चालू कर. एसी लाव. आत कुणी बसू नका."

"कशाला, ताई?"

"ह्या कापडाने गाडीचं तोंड बांधायचंय."

आ-हुई खो-खो हसला. "आता ताई इंजिनाला सर्दी होऊ नये म्हणून गोधडी पांघरणार!"

"हस. सुपारी गिळू नकोस म्हणजे झालं."

"सू-यिंग, इथे तेल आहे, कापड खराब होईल," दादा म्हणाला.

"दादा, तू लग्न मोडायला निघालास आणि तुला तेलाच्या डागाची काळजी?"

बो-वेईने मोबाइल खिशात टाकला आणि कापडाचं एक टोक धरलं. आम्ही दोघांनी ते दादासारखंच बांधलं, दिव्यापासून दिव्यापर्यंत, ताणून. आ-हुईने हात आत घालून किल्ली फिरवली आणि एसी पूर्ण सोडला. मग सगळे उभे राहिले. सुरुवातीला काहीच झालं नाही. टायरवाला जांभई देऊन म्हणाला, "बघा, काही नाही." मी बो-वेईला म्हटलं, "एसीच्या वाऱ्यासमोर हात धर, पण आत बसू नकोस."

तो दारातून आत वाकला. थोड्या वेळाने म्हणाला, "आत्या, वारा कोमट झाला."

"अजून थांब."

"आता गरम येतोय."

इंजिनाचा आवाज खाली गेला. बॉनेट थरथरायला लागलं, हिरवी पुडी मीटरसमोरून घसरून खाली पडली, आणि एक धक्का देऊन गाडी बंद पडली. गाडीत नवरी नव्हती. वाघाच्या वर्षाचं कुणी नव्हतं. टपावर बांबूही नव्हता.

मी कापड सोडलं, इंजिनाला जरा निवू दिलं, आणि आ-हुईने पुन्हा चालू केलं तेव्हा ते ठणठणीत चाललं आणि वारा गार आला.

"मी म्हणतच होतो, दादा," आ-हुई म्हणाला, "प्रश्न हवेचाच आहे." खरंच, त्याच तोंडाने म्हणाला. मग त्याने लगेच टायरवाल्याला समजावायला सुरुवात केली, की एसीची जाळी झाकली की गॅस निवत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर इंजिनाला खाली ओढतो, आणि जुनं इंजिन बिचारं दम तोडतं. एवढं सगळं त्याला येत होतं! पण देवाचं कापड आणि रोग ह्या दोन गोष्टी एका वेळी त्याच्या डोक्यात शिरल्या नव्हत्या. दारात कापड सोडायला आधी तोच सांगायचा, हात तेलकट आहेत म्हणून.

दादा गाडीच्या नाकाकडे बघत होता. मला वाटलं आता तो कबूल करेल. इतकं सरळ होतं. तीस वर्षांपूर्वीचं कापड हेच, गाडी हीच, चौक तोच. फक्त बांधणारे हात आठवायचे होते.

"पण तेव्हा गाडी नवी होती," तो शेवटी म्हणाला.

"हो. आणि तू कापडही नव्या जोमाने बांधलं होतंस."

"नव्या गाडीला असं होणार नाही."

"बरं," मी म्हणाले. "मग मीच पनवती." आणि कापडाची घडी घालून चालत घरी आले. रस्ताभर रडले. कुणी विचारलं असतं तर ऊन डोळ्यात जातंय म्हणाले असते, पण कुणी विचारलं नाही.

मुहूर्त ढकलायचं मात्र पुन्हा कुणी काढलं नाही. बो-वेईने जेन-शीला सगळं सांगितलं असावं, कारण शुक्रवारी ती स्वतः घरी आली आणि वहिनीसमोर म्हणाली, "आई, ते आठ सिद्धांचं कापड माझ्याबरोबर आलंच पाहिजे. आजीचं आहे. पण नाकावर बांधायचं नाही."

"मग कुठे? डिकीत? देवांना डिकीत घालतेस?"

"आत. कुणीतरी मांडीवर धरायचं. जमिनीला टेकू द्यायचं नाही, तेलकट हाताला लागू द्यायचं नाही. आत्यांना सवय आहे."

वहिनीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "अगं, सू-यिंग नवरीच्या गाडीत? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, वाघीण एकटी आली नाही, सोबतीला आणखी एक घेऊन आली," जेन-शी म्हणाली. वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता. तो नाही म्हणाला नाही, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ हो असा होतो.

शनिवारी आम्ही नदीपलीकडून तिला घेऊन निघालो. रिवाजाप्रमाणे तिच्या आईने मागे पाणी ओतलं, जेन-शीने खिडकीतून हातपंखा खाली टाकला, फटाके वाजले आणि काच वर झाली. टपावर बांबू, पुढे दादा आणि बो-वेई, मागे ती आणि मी. नाकावर एक साधी लाल फीत. माझ्या मांडीवर आठ सिद्ध. वारा इतका गार होता की ती म्हणाली, "आत्या, तुमचं कापड जरा माझ्याही पायांवर ओढा." मी ओढलं.

साखर कारखान्याच्या चौकात लाल दिवा लागला. लागणारच होता. गाडी थांबली. मी श्वास धरला, बो-वेईने दाराची कडी धरली. इंजिन आपलं एकसारखं चाललं होतं, काही तक्रार नाही, वारा गार. जेन-शीच्या तोंडावरचा रंग जिथल्या तिथे होता. मी त्या डांबराकडे पाहिलं, जिथे मी पांढऱ्या झग्यात उतरले होते. तिथे आता सोयाबीनचं दूध विकणारा गाडा होता.

दादा समोरच्या आरशात माझ्याकडे बघत होता. त्याची मान लाल झाली होती.

"सू-यिंग," तो म्हणाला, "त्या दिवशी मीच बांधलं होतं. आई म्हणाली होती, फीत बांध. मी ऐकलं नाही."

ह्या एका वाक्यासाठी मी त्याच्या घरात अर्धं आयुष्य बसून होते. जेन-शीने कापडाखाली माझा हात धरला.

"पुढे बघ, दादा," मी म्हणाले. "दिवा हिरवा झालाय. पोरीला घरी ने."